ओल्या रंगावर गोधडी

लालबागच्या रघुशेटच्या गॅरेजात गुणाजी सावंत नावाचा रंगारी होता आणि त्याचा एक मंत्र होता: ‘ओल्या रंगाला वाऱ्याशिवाय दुसरं पांघरूण नाही.’ रंग वरून हाताला सुकलेला लागतो, पण पोटात तो कितीतरी दिवस कच्चाच असतो. त्यावर कापड टाकलं की कापडाची वीण उठते, दोर आवळला की दोर उठतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो हे इतक्यांदा ऐकवायचा, की गॅरेजातले लोक त्याच्यामागे त्याला ‘वारा मास्तर’ म्हणत. दुसऱ्याला सांगायला शहाणपण प्रत्येकाकडे मुबलक असतं. गुणाजीकडेही होतं.

छप्पन सालचा वैशाख होता. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर सगळं गिरणगाव पेटून उठलं होतं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा नरे पार्कात सभा. गुणाजी स्वतः सभांना जायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. पण नेमकी त्याच दिवसांत फणसवाडीच्या डॉक्टर तळपद्यांची मॉरिस गाडी त्याच्या हाताखाली होती. डॉक्टरांच्या मुलीचं, मृणालिनीचं लग्न तोंडावर आलेलं, नवरीची पाठवणी याच गाडीतून व्हायची होती. इंजिन बाहेर काढून गिरगावातल्या एका मेस्त्रीकडे दुरुस्तीला दिलेलं, आणि नुसता सांगाडा रंगाला लालबागला. गुणाजीने पत्र्याचे पोचे बुजवायला लांबी भरली, घासली, अस्तर दिलं आणि हातावर हात देऊन असा काळाभोर रंग चढवला, की रघुशेट टपावर वाकून मिशा बघू लागला.

आता ही बिनइंजिनाची गाडी ट्रेलरवर चढवून फणसवाडीला पोचवायची होती. मेस्त्री तिथेच येऊन इंजिन बसवणार होता. रघुशेटने बजावलं, “उघडीच ने. हळू ने. खडा उडाला तर एक टिपका जाईल, तो तू तिथं भरशील.”

गुणाजीने मान डोलावली. पण आदल्या संध्याकाळी नाक्यावर एका टॅक्सीची काच फुटलेली त्याने पाहिली होती, आणि रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढे दगडच दगड येत होते. मोर्चातल्या माणसाला काय ठाऊक, ही गाडी कोणाची आणि रंग कोणाचा? आपणच ज्या मोर्चात ओरडतो त्याच मोर्चाची आपल्याला भीती वाटावी, याची त्याला लाजही वाटली. सकाळी खोलीतून बाहेर पडताना त्याला गॅलरीच्या कठड्यावर उन्हाला घातलेली गोधडी दिसली.

ही गोधडी साधी नव्हती. गुणाजीच्या बायकोच्या, मालनच्या आईने ती कणकवलीकडे आपल्या घरी बसून स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवली होती. म्हातारीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मधोमध, त्यांच्या घरच्या रितीप्रमाणे, चिंधीत बांधलेला भाकरीचा तुकडा शिवलेला. त्याला ‘घास’ म्हणायचे. घास भरलेली गोधडी माणसाच्याच अंगावर पडायची. वस्तूवर, गुराढोरांवर कधी नाही. शेवटचा कोपरा राहिला असताना म्हातारी गेली. तो कोपरा मालनने रडत रडत पुरा केला, आपल्या लांबलचक, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. आईची म्हणून मालनकडे एवढी एकच गोष्ट होती.

मालन गिरणीच्या वाइंडिंग खात्यात पहिल्या पाळीला गेलेली. गुणाजीने मनाशी म्हटलं, संध्याकाळच्या आत परत कठड्यावर घालू, तिला कळायचंही नाही. चांगली जाड आहे, दगड बसला तरी जिरवेल. आणि मऊ आहे, रंगाला काय करणार आहे? हे ‘काय करणार आहे’ वारा मास्तर स्वतःशी म्हणत होता, हे लक्षात ठेवा.

गॅरेजात रघुशेट यायच्या आत त्याने गाडीच्या टपावर गोधडी पसरली आणि ट्रेलरला चारी बाजूंनी दोर ताणून गच्च बांधली. लॉरीचा ड्रायव्हर दौलत हसला.

“काय रे गुणाजी, गाडीला थंडी वाजते काय?”

“तू गाडी हाक. तोंड नको हाकू.”

भायखळ्यापर्यंत ठीक गेलं. मग समोरून मोर्चा आला आणि दौलतने लॉरी कडेला घेतली. मोर्चा संपता संपेना. ऊन डोक्यावर आलं, ट्रेलरचा पत्रा इतका तापला की हात लाववेना. गुणाजी गाडीकडे पाठ करून दगडाची वाट बघत उभा राहिला. दगड काही आला नाही. उलट एकाने विचारलं, “आत कोण झोपलंय, मामा?” आणि सगळे हसले. एका म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. गुणाजीनेही “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” अशी आरोळी ठोकली, आणि त्या उन्हात, त्या आवळलेल्या दोराखाली, रंगाने आपलं काम केलं.

फणसवाडीत दोर सोडून त्याने गोधडी उचलली तर ती येईना. दोर जिथे आवळले होते तिथे ती रंगाला धरून बसली होती. त्याने जरा जोर केला. जुनं लुगडं ते, टरकन फाटलं. त्याने खाली टपाकडे बघितलं. त्या काळ्या आरशावर म्हातारीचा टाकान्‌टाका उठला होता. तांदळाच्या दाण्यांच्या ओळीमागून ओळी, मधोमध घासाचा गोल वण, आणि एका कोपऱ्यात मालनचे लांब टाके.

डॉक्टर खाली आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “गुणाजी, लग्नाआधी नीट होईल ना?” एवढंच ते म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चिकटलेल्या चिंध्या सोडवायला त्याने थिनर ओतला, तर लुगड्यांचे रंग उतरून एकमेकांत मिसळले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. ते लक्तर त्याने गॅरेजात नेऊन एका रिकाम्या पिंपात कोंबलं.

संध्याकाळी मालनने विचारलं, “कठड्यार गोधडी घातलंय, ती खंय गेली?”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. “मोर्च्यात एकाचां डोक्यां फुटलां. तो बिचारो थरथरत होतो. मीच घेऊन गेललंय गोधडी, गाडीसाठी. ती तेका पांघरलंय.”

 मालनने डोळ्यांना पदर लावला. “बरां केलास,” ती म्हणाली. “आयेची गोधडी माणसाच्या कामाक इली.”

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट चाळभर झाली. शेजारच्या कालिंदीवहिनींनी गुणाजीला मुद्दाम थांबवून चहा पाजला. नळावर बायका मालनला म्हणाल्या, तुझ्या आईचं सोनं झालं गं.  शरमेने गुणाजीला मान वर करवेना, तर लोक म्हणाले, बघा, केवढा विनय. मालन तर रोज विचारायची: त्याचं नाव काय? बायकोमुलं आहेत का? डोकं भरून आलं असेल का? तिने देवापुढे त्या माणसासाठी नारळ ठेवला, तेव्हा गुणाजीला वाटलं, आता सांगावं. पण नारळ बघूनच त्याचा धीर गेला.

रविवारी तो फणसवाडीला टप घासायला गेला. वॉटरपेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. काळं पाणी काचांवरून ओघळत होतं आणि त्याबरोबर म्हातारीच्या ओळी जात होत्या. आधी कडा गेल्या, मग घासाचा वण गेला. मालनच्या टाक्यांच्या कोपऱ्याशी आला की मात्र त्याचा हात वळायचा आणि घासून झालेलीच जागा पुन्हा घासायचा. दुपार झाली तरी तो कोपरा तसाच होता.

“जेवलास?”

मागे मालन उभी होती. हातात डबा आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. “म्हटलां, तुमचां काम झालां की दोघांय हॉस्पिटलात जाऊया. तो मनीस गावता काय वायच बघूया. तेका भाकरी...”

तिची नजर टपावर गेली. स्वतःचे टाके कोणती बाई ओळखणार नाही? तिने डबा खाली ठेवला. पुढे होऊन त्या वाकड्या ओळींवरून बोट फिरवलं, टोकापर्यंत, जिथे तिने गाठ मारली होती तिथपर्यंत. मग बाजूच्या घासलेल्या, निस्तेज भागावर तळवा ठेवला.

“आयेचां सगळां पुसून झालां?”

गुणाजीने मान हलवली.

“मगे ह्यां कित्याक ठेवलास? ह्यां माझां. पुसा.”

आणि ती तिथेच पायरीवर बसून राहिली. तिच्यासमोर गुणाजीने तो कोपरा घासला. भाकऱ्या तिने वाडीच्या तोंडाशी बसलेल्या भिकाऱ्याला दिल्या, आणि दोघं घरी आली.

मृणालिनीची पाठवणी त्याच गाडीतून झाली. रंगाकडे बघून लोक वा वा म्हणाले. पिंपातली गोधडी गुणाजीने घरी आणली. मालनने ती धुतली, पण थिनरचा वास गेला नाही, तेव्हा तिने ती घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. तिने नवऱ्याला कधी एका शब्दाने टोचलं नाही, आणि गुणाजीला माफी मागायला कधी जागाच सापडली नाही. त्यानंतर गॅरेजात तो नव्या माणसांना रंगाचं काम दाखवायचा, पण पांघरुणाचा मंत्र त्याच्या तोंडून कोणी ऐकला नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. गॅलरीत सगळे जमले असताना कालिंदीवहिनींना आठवण झाली. “मालन, तुझ्या आईची गोधडी ज्याला पांघरली, त्या माणसाचं पुढं काय झालं गं?”

गुणाजीच्या हातातला पेढा हातातच राहिला. मालनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“बरो झालो तो,” ती म्हणाली, आणि पेढ्यांचं ताट पुढच्या बाईपुढे धरलं.