पावडरीची पुरचुंडी

कुंभार पिंपळगावात आसराबाईचं नाव काढलं की लांडग्याची गोष्ट निघायचीच. मेंढरांत लांडगा शिरला, तर या बाईनं घोंगडी त्याच्या तोंडावर फेकली आन् काठी अशी घातली, की गडी पुन्हा त्या शिवारात दिसला न्हाई! अशी ही बाई दोन हजार दोन साली मूठभर पुरचुंडीला भ्याली.

लेक पुष्पा अंतरवाली सराटीला दिलेली, चोवीस वर्षांची. वर्षभरात पांढरीफटक पडली होती. कुठं जरा टेकलं तरी अंगावर काळानिळा डाग. जालन्याचा डॉक्टर म्हणाला, रक्त बनणं कमी झालंय. पुष्पा आत तपासणीचं रक्त द्यायला गेली तेव्हा त्यानं आसराबाईला विचारलं, "लहानपणी फवारणी-बिवारणीच्या औषधाशी हिचा संबंध आला होता का? छातीठोक सांगता येत नाही, पण लेकराच्या अंगात गेलेलं विष कधी कधी वीस वर्षांनीही त्रास देतं."

आसराबाई चटकन म्हणाली, "न्हाई, सायेब."

संबंध आल्ता की! पुष्पा पाच वर्षांची होती, डोक्यात उवा बुजबुजलेल्या. कपाशीवर धुरळायची पावडर घरात उरलेली. गावातल्या बाया पोरींच्या डोक्याला लावायच्या, आसराबाईनंही लावली. फडक्यात पुरचुंडी बांधून डोक्यावर झटकायची, वरून जुन्या लुगड्याचं धडपं आवळायचं. दर आठवड्याला, दोन वर्षं. उवा मेल्या, तशी गल्लीभर फुशारकी मारली होती.

लेकीचं करायला म्हणून आसराबाई अंतरवालीला राहिली, पण घास तोंडाशी नेला की तोच पावडरीचा वास. सांगावं तर लेक तोंड फिरवील. न सांगावं तर डॉक्टर औषध कशावर देणार?

एका सकाळी ओसरीवर पुष्पाच्या सासूनं, चतुराबाईनं, नातीला, पुष्पाच्या पोरीला, मांडीत दाबलं होतं. हातात पांढरी पुरचुंडी.

"इहीणबाई, हे काय?"

"कपाशीची पावडर. उवा जल्दी मरत्यात. तुमचीच लेक म्हन्ली, माझी माय लावायची!"

आसराबाईनं झडप घालून पुरचुंडी हिसकली, अंगणात भिरकावली. "नका लावू! म्याच लावली पुष्पाला, म्हणून तर..."

दारात पुष्पा उभी. "म्हणून काय, माय?"

मंग सारं सांगावंच लागलं, डॉक्टरच्या प्रश्नासकट. पुष्पानं आपल्या पोरीचं डोकं उजेडात ओढून केस हुंगले.

"आत्याबाई, आजच पहिल्यांदा लावत होता ना?"

चतुराबाईचा आवाज बारीक झाला. "गेल्या दोन ऐतवारी बी लावली, बाई."

आसराबाई खाली बसली आन् नातीचे हातपाय उलटेपालटे करून डाग धुंडाळू लागली.