बाविसावा मोदक

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. बेसमेंटमधून आवाज आला तर मी आधी घर गरम ठेवणारी फर्नेस तपासतो. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहीन!" — आणि तिने लिहिलं तर त्यात माझी शोभा होणार.

कॅनडात मार्कहॅममधल्या नोकरीतून रिटायर झालो आणि गेल्या वर्षी व्हिटबीहून आम्ही दोघं जपानला गेलो. तिथलं आओगाशिमा हे ज्वालामुखीचं बेट. जेमतेम दीडशे वस्ती, एक दुकान, आणि समुद्र खवळला की बोट बंद. ती झालीच बंद! गणेशचतुर्थी बेटावरच आली. सुनीताने मात्र निघतानाच तांदळाची पिठी, गूळ, सुकं खोबरं बॅगेत भरलं होतं. "कस्टम्सवाले अडवतील" हे माझं म्हणणं नेहमीप्रमाणे बाद.

तिथे जमिनीतून वाफ येते आणि तिच्यावर लोक पूर्वीपासून रांधत आलेत. आता त्यासाठी झाकणाच्या पेट्या केल्यात. आत रताळी, अंडी ठेवायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. मोदकांना आणखी काय हवं! आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मिचिकोबाई कौतुकाने सोबत आल्या.

सुनीताचं मात्र कशात लक्ष नव्हतं. चिपळूणच्या तिच्या ताईशी दोन वर्षं अबोला. भाचीच्या लग्नाला आम्हाला जाता आलं नाही, त्यावरून शब्दाने शब्द वाढला. दर सणाला ही फोन हातात घेते आणि ठेवून देते. "ती मोठी आहे, तिने करावा." मला ते बघवत नाही.

एकवीस मोदक ठेवले, मी स्वतः मोजले. झाकणासमोरून आम्ही तिघंही हललो नाही. उघडलं तर... बावीस!

"मोजायला चुकलात," सुनीता म्हणाली. मग तिने त्यातला एक उचलला आणि उजेडात धरून फिरवून पाहिला. त्याच्या कळ्या उलट्या बाजूला वळलेल्या होत्या.

"अहो, ताई डावरी आहे. अशा कळ्या तिच्याच..."

मिचिकोबाईंना फोनवरच्या ट्रान्सलेशनने सगळं समजावलं. त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हा खाणार कोण?"

नैवेद्य दाखवून आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला. म्हणजे पुरावा पोटात! मग सुनीताने ताईंना फोन लावला. चिपळूणला सकाळ होती. ताई साडूंशी भांडण्याच्या इतक्या भरात होत्या की रुसायचंच विसरल्या.

"सुनू? अगं बघ ना, एकवीस ठेवले आणि वीसच निघाले! ह्यांनीच खाल्ला, कबूल करत नाहीयेत!"

मागून साडू ओरडले, "देवाशप्पथ नाही!"

सुनीताने सगळं सांगितलं. मग ताईंनी हळूच विचारलं, "कसा झालाय गं?"

"उकडीत मीठ विसरलीस."

"अगं बाई... हो की गं!"

मग दोघी एकदमच हसायला आणि रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले.

बोट चौथ्या दिवशी आली. घरी येऊन मी नाना तऱ्हेने डोकं लढवलं, पण हिशेब लागत नाही. ताई चिडवायला अजून साडूंचंच नाव घेतात, आणि ते मला विनवतात, "तुम्ही तरी हिला सांगा!" काय सांगू? मला काही कळलेलं नाही. एवढंच माहीत आहे, की आता रोज सकाळी आठला ताईंचा फोन येतो, आणि सुनीता तो पहिल्याच रिंगला उचलते.