गार्डसाहेब आणि फ्रान्सची सपाट वाट

एखादी गोष्ट हलकी वाटली की गार्डसाहेब तिच्याकडे बघत नसत. तिच्या शेजारच्या गोष्टीकडे बघत. कोणी नवे परदेशी बूट घालून आलं, तर ते त्या बुटांशेजारच्या फरशीकडे इतकं मन लावून बघायचे की बूटवाल्याने आपणहून पाय मागे घ्यावेत. एकदा एका मुलाने आपल्या ट्रेकचा व्हिडिओ दाखवायला मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. गार्डसाहेबांनी पूर्ण तीन मिनिटं त्या मुलाचा अंगठा पाहिला. "नखं काप," म्हणाले आणि निघून गेले. मी शेजारीच उभी होते. इतका नेटका अपमान मी तिकीट काढूनही पाहिला असता.

रेल्वेशी त्यांचा काही संबंध नव्हता. भांडुपच्या एका कारखान्यात ते फिटर होते, मूळचे मालवणकडचे. पण डोंगरात ते कायम सगळ्यांच्या शेवटी चालायचे, गळ्यात पितळेची शिट्टी घालून. म्हणून गार्डसाहेब. अर्थात हे नाव त्यांच्या पाठीमागे. तोंडावर आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दर गुरुवारी मुलुंड कॉलनीतल्या बागेच्या कठड्यावर आमचा ग्रुप जमायचा आणि पुढचा ट्रेक ठरायचा. कोणी उत्साही पोरगा "मी लीड करतो" म्हणाला की गार्डसाहेब त्याच्या शेजारच्या झाडाकडे बघायला लागत.

"पुढे कोणीही चालतं रे. पुढे बकरीपण चालते. मागे कोण?"

मागे कोण, हा त्यांचा एकमेव प्रश्न होता आणि त्याचं उत्तर गेली तीसेक वर्षं ते स्वतःच होते. सगळे पार होईपर्यंत ते उभे राहणार, कोणाची सुटलेली नाडी, कोणाची विसरलेली बाटली गोळा करत येणार, आणि सगळे नजरेत आले की एकदा छोटी शिट्टी देणार. म्हणजे गाडी पूर्ण आहे.

माझा पहिलाच ट्रेक भीमाशंकरचा, शिडीघाटाने. मी विशीतली, पाय मुरगळला आणि रडायला आलं. मला वाटलं, आता मला मागे ठेवतील. गार्डसाहेबांनी मला उचलून सगळ्यांच्या पुढे उभं केलं. चौदा जण माझ्यामागे गोगलगायीसारखे चालत होते. एकाने मला ओलांडायचा प्रयत्न केला, तर मागून अशी शिट्टी आली की त्याच्या पायाखालचा दगड हलला. "ज्याचा पाय रडतो तो पुढे," ते नंतर म्हणाले. "त्याच्या चालीने सगळे चालतात. मागे ठेवला की आपण त्याला सोडून जातो आणि वर सांगतो, तोच मागे राहिला." हा नियम आमच्या ग्रुपमध्ये कोणी कधी मोडला नाही. मोडायची हिंमत नव्हती.

आता फ्रान्स. ही कल्पना नीलेशची. नीलेश अंधेरीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि हातातलं घड्याळ सांगेल तेवढीच पावलं टाकतो. पन्नाशी आली, गुडघे जपले पाहिजेत, म्हणून त्याने शोधून काढलं की फ्रान्सच्या पूर्वेला, ज्युरा नावाच्या भागात, तळ्यांच्या काठाने आणि कुरणांमधून जाणाऱ्या सोप्या वाटा आहेत. आठवडाभर रोज थोडं चालायचं, संध्याकाळी पुढच्या गावातल्या छोट्या हॉटेलात पोचायचं. बॅगा गाडीतून पुढे जातात. तो, मी आणि घाटकोपरच्या हॉस्पिटलात नर्स असलेली सुजाता, असं तिघांचं ठरलं. गुरुवारी कठड्यावर हे जाहीर केलं. गार्डसाहेबांनी सविस्तर ऐकून घेतलं.

"सामान गाडीतून आणि माणूस पायी? मग माणसाला कशाला दमवता? सामानालाच फ्रान्स दाखवून आणा."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"तिघं चाललात. मागे कोण?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच ठरवलं नव्हतं. ही चूक आम्हीच करू जाणे, कारण इतकी वर्षं तो प्रश्न आमचा नव्हताच. अशा रीतीने अडुसष्टाव्या वर्षी गार्डसाहेबांचा पासपोर्ट निघाला. वांद्र्याला व्हिसाच्या ऑफिसात बाईने प्रवासाचं कारण विचारलं, तर म्हणाले, "मागे चालणे." नीलेशने घाईघाईने पर्यटन असं सांगितलं. बाहेर आल्यावर त्याला ऐकावं लागलं, "खोटं बोलायची काय गरज होती रे?"

पहिल्या तळ्याशी पोचलो. पाणी हिरवं-निळं, पलीकडे जंगल, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. आम्ही तिघं आ वासून उभे. गार्डसाहेब तळ्याशेजारच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत होते. "डबा चांगला आहे," म्हणाले.

मग त्यांच्या शेऱ्यांची पंगतच बसली. प्रत्येक वळणावर पिवळी पाटी आणि तिच्यावर पुढचं गाव किती दूर ते लिहिलेलं. "ही वाट आहे की लग्नाचा हॉल? इकडे जेवण, इकडे आहेर." झाडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे, वाट बरोबर असल्याची खूण. चुकीच्या फाट्यावर तर चक्क फुली. ती फुली बघून मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं. "चुकायचीसुद्धा सोय ठेवली नाही या लोकांनी." आणि थोड्या थोड्या अंतरावर लाकडी बाकडी. त्यांच्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपलं. "बाकडं आलं की वाट संपली समजायचं." ते कोणत्याही बाकड्यावर टेकले नाहीत. रात्रीच्या जेवणात गावचं चीज आलं, तेव्हा त्यांनी चीजच्या सुरीकडे बघत पिशवीतून मालवणचा खडखडे लाडू काढला.

खरं सांगायचं तर मला हे सगळं फार आवडत होतं. सुंदर गोष्टींचं कौतुक कोणीही करतं. ज्युराच्या कुरणांना नावं ठेवायला अंगात दम लागतो.

तिसऱ्या दिवशी मात्र शिट्टी उशिरा यायला लागली. आम्ही पुढे थांबायचो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग ते झाडांआडून यायचे आणि आम्हालाच झापायचे, "पळताय कशाला? वाट इतकी सपाट आहे, मला चालता चालता डुलकी लागते." नीलेशला ते पटलं. नीलेशला घड्याळ सोडून सगळं पटतं. मी पाण्याची बाटली राहिल्याचं सांगून मागे गेले.

एका धबधब्याशेजारी लाकडी पायऱ्या होत्या. पाचपन्नास असतील, कठडा असलेल्या, पोरांनी उड्या मारत उतराव्यात अशा. गार्डसाहेब त्या उलटे उतरत होते. तोंड डोंगराकडे, दोन्ही हात कठड्यावर, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबा. शिडी उतरावी तसे. मागून एक ऐंशीची फ्रेंच आजी कुत्र्याला घेऊन आली, "बोंजूर" म्हणाली आणि त्यांना ओलांडून गेली. गार्डसाहेबांनी अदबीने "बोंजूर" केलं आणि कुत्र्याला वाट दिली. मी झाडाआड गेले. मला पाहिलं असतं तर त्यांनी माझ्या शेजारच्या झाडाकडे पाहिलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात मी सुजाताला गाठलं.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं गं," ती म्हणाली. "उजवा गुडघा गेलाय. आजचा नाही तो."

"मग सांग ना त्यांना. नर्स तू आहेस."

"आणि लाडकी तू आहेस. तू सांग."

"डिसेंबर येतोय."

डिसेंबरात आमचा मोठा ट्रेक असतो, हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेने. नाव वाट असलं तरी ती मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ आहे. यंदा चाळीस नवी पोरं येणार होती आणि त्यांच्या मागे, दरवर्षीप्रमाणे, गार्डसाहेब.

"त्या घळीत मागचाच पडला," सुजाता म्हणाली, "तर शिट्टी कोण वाजवणार?"

नीलेश येऊन म्हणाला, आज अठरा हजार पावलं झाली. दुसऱ्या दिवशी मी सांगणार होते. सांगितलं नाही. त्यानंतरच्या दिवशी सुजाता सांगणार होती. तिने विषय काढला तो गुडघ्यांच्या तेलाचा, आणि ते म्हणाले, "माका शिकव नको." मालवणी आली की संभाषण संपलं, हे आम्हाला ठाऊक होतं.

शेवटचा दिवस मोठ्या तळ्याच्या प्रदक्षिणेचा. वाट तर इतकी सपाट की तिच्यावरून बाबागाड्या चालल्या होत्या. निघताना नेहमीप्रमाणे आम्ही तिघं पुढे झालो. गार्डसाहेब हलले नाहीत.

"मागे कोण?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर समोर उभं होतं, त्याला काय म्हणायचं? त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ठेवताना ते माझ्या शेजारी कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या गाईकडे बघत होते.

"ही धर गो बाय. मानेला टोचते."

आणि ते आमच्यामधून वाट काढत सगळ्यांच्या पुढे गेले.

नीलेश म्हणाला, "दादा, तुम्ही पुढे? म्हणजे पाय—" सुजाताने त्याच्या बुटावर बूट ठेवला. मग त्यालाही कळलं. तो मान खाली घालून तिच्यामागे चालायला लागला. त्यांच्यामागे मी.

आम्ही त्यांच्या चालीने चाललो. बाबागाड्यांनी आम्हाला ओलांडलं. शाळेची सहल ओलांडून गेली. धबधब्यावरची कुत्रेवाली आजी इथेही भेटली आणि ओळखीचं हसून पुढे निघून गेली. नीलेशचं घड्याळ हातावर थरथरून त्याला सांगत होतं की तू थांबला आहेस. त्याने ते काढून खिशात टाकलं. मला त्याच्याबद्दल आदर वाटल्याचा तो एकमेव प्रसंग.

तासाभराने मी एकदा छोटी शिट्टी दिली. गार्डसाहेबांनी मागे वळून न बघता विचारलं, "काय झालं?"

"काही नाही दादा. सगळे आहेत."

"मग हळू वाजव. गाई बिचकतात."

अर्ध्या वाटेवर पाण्याच्या कडेला एक बाकडं आलं. ते त्याच्यापाशी थांबले, कोपऱ्यातली धूळ झटकली आणि बसले. उजवा पाय हाताने उचलून सरळ केला. आम्ही उभेच. बसायचं की नाही ते कळेना, कारण बाकड्याबद्दलचं त्यांचं वाक्य आम्हा तिघांनाही पाठ होतं. मग त्यांनी मान वर केली आणि आठवड्यात पहिल्यांदा सरळ तळ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"पाणी बरं आहे," म्हणाले. "डोंगर काही नाही. पाणी बरं आहे."

त्याबद्दल आम्ही नंतर एक शब्दही बोललो नाही. मुलुंडच्या कठड्यावर त्यांनी फ्रान्सचं जे वर्णन केलं, त्यात डबा होता, फुली होती, चीज होतं. बाकडं नव्हतं. आम्हीही घातलं नाही.

डिसेंबरात बेलपाडा गावात, नळीच्या वाटेच्या पायथ्याशी, चाळीस पोरं रांगेत उभी होती. गार्डसाहेब पाठीवर पिशवी न घेता जीपमधून उतरले. पुढे चालणाऱ्या उत्साही पोराने येऊन आपलं नाव सांगितलं. गार्डसाहेबांनी त्याच्या शेजारच्या कोंबडीकडे बघितलं. मग रांगेच्या कडेकडेने लंगडत शेवटपर्यंत आले.

"मागे कोण?"

"मी, दादा."

त्यांनी शेजारी कुठे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. शिट्टी गळ्यात आहे का ते बघितलं, दोरी ओढून गाठ तपासली.

"मग मी चहा घेतो," म्हणाले, आणि शेजारच्या घराच्या ओट्याकडे निघाले.