आरोंद्याची गाडी आणि दोन गाऱ्हाणी

सकाळपासून पायाला नुसती भिंगरी. अर्धा चहा तसाच ठेवून मी जामसंड्याहून आरोंद्याला निघालेसुद्धा. जिल्ह्याचं दुसरं टोक, आणि मला हवी होती तीच गाडी बघायला गोव्याहूनही कुणीतरी येणार होता. जुनी रॅलीची गाडी! कॉलेजात असताना ती नुसती समोरून गेली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. आता तीच पूर्ण खोलून पुन्हा उभी करायची, हे माझं खूळ.

पण बाबांची अट होती. मागच्या खेपेला मी अपघातातली वाकडी गाडी आणली आणि शेवटी ती भंगारात गेली. "परत वाकडी आणलंस तर तुझ्या शेडीत बकऱ्यो बांधतलंय," त्यांनी बजावलं होतं. अंगणातली ती शेड म्हणजे माझं सगळं जग.

गाडी माडांखाली झावळ्यांनी झाकलेली. मालक साठीचे काका, एके काळी स्वतः तिला रॅलीत पळवणारे.

"काका, गाडी कशी आसा?"

"बरी आसा मगे."

मी जमिनीवर आडवी झाले. कार्पेट उचकटलं, स्क्रूड्रायव्हरने तळ टोचून पाहिला. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. गंज सोडून दुसरं काही शोधतच नाही! गंज नव्हता. चौकट, म्हणजे चेसी, सरळ आहे ना हे बघायला टेप काढून मापं घेणार, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. आला वाटतं गोव्याचा! टेप पिशवीत कोंबली आणि घाईघाईने विसार देऊन टाकला. बाहेर बघते तर सायकलवरचा पाववाला. मेला!

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय चावी हलत नाही. एकाने देवाला सगळं सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकांनी बॉनेटवर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी घाटात पलटी झाली, चेसी वाकडी झाली, ती ठोकून घेतलंय, तां तुका म्हायत आसा. आता ह्या बायेक कसलोच त्रास होवचो नाय, असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तोंडाला सवय, म्हटलं आणि मग डोक्यात शिरलं.

"काका! माका कित्याक सांगलास नाय?"

"बायो, देवाक खोटा कसा सांगतलंय?"

म्हणजे मला चालतं! असली आग झाली डोक्याची. विसार परत मागता आला असता. पण चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं आणि मी उरलेले पैसेही काकांच्या हातावर ठेवले. परतताना स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढत होतं आणि मी घरी काय थाप मारायची ते घोकत होते.

अंगणात आई आणि बाबा उभेच होते, बाबांच्या हातात नारळ. मला बोलायलासुद्धा दिलं नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या खेपेक माझ्या चेडवाक सरळ गाडी गावली..."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. मी मात्र बोटात चावी फिरवत राहिले. बाबांनी वळून पाहिलं.

"तू गप कित्याक गो?"

"वाकडी आसा, बाबा," म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

बाबांनी एकदा शेडीकडे पाहिलं. मग पुन्हा गाडीकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, मी बकऱ्यांचा कायता बोललंय, तां विसरान जा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई दचकली.