डिस्कसला कळशीभर समुद्र

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आपलं हे फिरतं पत्र आज जरा घाईने पुढे धाडा.

मुंबईहून लाँचने आणलेला माझा डिस्कस, ताटलीसारखा चपटा मासा, दोन दिवस काळवंडून कोपऱ्यात उभा होता. दुपारी कचेरीतून आलो, तर शेजारच्या मासळीवाल्या काशीबाई काचपेटीत कळशीभर समुद्राचं पाणी ओतत होत्या.

"काशीबाई, हे काय केलंत?"

"त्याला दर्याची याद आलीय, भाऊ. विहिरीच्या पान्यात कोन जगंल?"

"हा नदीतला मासा आहे."

त्यांचा हात थांबला. "मंग आधी सांगाचा ना. आख्ख्या गावाला कवतिक दावलंत, मला सांगाय तोंड न्हाय?"

खरंच सांगितलं नव्हतं. मासळीवालीला मासा काय समजावायचा, असं वाटलं.

घाबरून मी एका दमात निम्मं पाणी बदललं. त्यानंतर मासा आडवा झाला. काशीबाई बाजार सोडून पेटीसमोर बसल्यात. आपणच मारला म्हणतात.

पाणी एकदम बदलू नये, हे मागच्या पत्रात तुम्हाला मीच शिकवलं होतं. चूक माझीही असेल, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, नुसत्या येरझारा घालतोय. तुम्ही आत्ताच सांगितलं असतंत, की मासा सुलटा होण्याची वाट पाहिली असतीत?