काकीचा जबाब

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस येणार आणि शेजारी म्हणून समोरच्या काकीला विचारणार, हे कळलं तेव्हा मी पासपोर्टची आशाच सोडली. ऑफिसतर्फे सहा महिने परदेशी जायचं होतं. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं घडत होतं आणि आता ते काकीच्या तोंडावर अवलंबून होतं.

काकी मूळची मालवणकडची, भांडुपच्या आमच्या इमारतीत सर्वांत आधी राहायला आलेली. तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. माझा नवरा घर सोडून गेला, ते तळमजल्याला माझ्या आईच्या आधी कळलं होतं.

हवालदार आला, माणूस सौम्य होता. माझे कागद पाहून झाल्यावर तो काकीच्या दाराकडे वळला. मी माझ्या दारात कान देऊन उभी.

"ह्या इथेच राहतात?"

"रवता."

"भांडणतंटा, पोलीस केस वगैरे काही?"

"नाय."

"एकट्याच कशा? नवरा कुठे असतो? घरी कोण येतं-जातं?"

काकीने पदर खोचला. "तां तुमकां कित्याक व्हया?"

"मावशी, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असतो. माहिती वर पाठवायची असते."

"मग लिहा, हयसर रवता, चोऱ्यामाऱ्या करणा नाय. तिचो घोव खंय गेलो, तेच्यान देशाक कसलो धोको?"

हवालदार हसला, तेवढंच लिहून घेतलं आणि निघाला. तसं त्याचंही बरोबर होतं. देशाबाहेर कोण जातंय, हे सरकारला माहीत असायलाच हवं. पण माझा मोडलेला संसार कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरवर फिरला असता आणि कोणी कोणी वाचला असता, हे मला कधीच कळलं नसतं.

मला रडू आलं. मी काकीला घट्ट मिठी मारली, इतकी ती मला त्या क्षणी आवडली.

"सोड गो, गॅसवर डाळ असा," ती म्हणाली.

पुढे पासपोर्ट वेळेत हातात आला. पण हवालदार आला त्याच संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर प्रत्येक मजल्यावर कोणीतरी मला थांबवून काकीचं कौतुक करत होतं. पोलिसांना तिने काय काय सांगितलं नाही, ते तिने प्रत्येक दारात उभं राहून, माझ्या नवऱ्यासकट, अगदी सविस्तर सांगितलं होतं.