आधीच मेलेले आजोबा

टीव्हीच्या मालिका काढणारी ही कंपनी आज चांगली तीन मजली आहे, पण तिचा जन्म झाला तो बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात. ताई, तिचा धाकटा भाऊ, एक कॅमेरा, एक खटारा व्हॅन आणि व्हॅनचे ड्रायव्हरकाका, एवढाच काय तो पसारा.

पहिल्या मालिकेच्या पहिल्याच दिवशी आजोबांचं काम करणारा नट आलाच नाही. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रायव्हरकाकांना धरून पलंगावर आडवं केलं. भाड्याचा बंगला दोनच दिवस मिळाला होता, म्हणून झोपायच्या खोलीतलं सगळं, अगदी आजोबांचं मरणसुद्धा, आधी उरकायचं होतं. त्यामुळे काका आधी मेले आणि मग पुढचे कित्येक महिने हसतखोकत जगले. असला उरफाटा कारभार याच धंद्यात चालतो!

आणि काय सांगावं, आजोबा हिट झाले! काका पेट्रोल भरायला गेले तरी लोक गराडा घालायचे. "आरशापुढून हला आता," असं बायको करवादायची, पण शेजारणींपुढे तिचाही तोरा बघण्यासारखा होता. मरणाचा भाग जवळ आला तसा चॅनेलचा निरोप आला: आजोबांना मारू नका, तो प्रसंग टाकून द्या. काकांची तर चांदीच!

"काका, अमर झालात तुम्ही," ताई म्हणाली.

"मेलो कसा ते एकदा दाखवा तरी."

दाखवलं. परगावाहून धावत आलेली नात पलंगाशी बसली होती. पोरगी अगदी नवखी, अख्ख्या मालिकेत तिच्या वाट्याला तेवढंच काम. पण अशी रडली होती की काका खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"हे टाकून देणार? अहो, पोरीच्या जन्माचं सोनं होईल यानं! मला मरू द्या."

"मग पुन्हा स्टीअरिंगच हं, काका."

"असू दे की." म्हणाले खरे, पण आत कुठेतरी तुटलं. चॅनेलवाल्यांनीही प्रसंग पाहिला आणि मुकाट मान डोलावली. पुढे याच पोरीच्या मालिकांवर कंपनीचे मजले चढले, पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी सगळा शेजार काकांच्या घरात दाटला होता. पडद्यावर आजोबांनी डोळे मिटले. बायकोने शेजारी बसलेल्या जित्याजागत्या नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि हमसून हमसून रडत ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली. काकांची छाती अभिमानाने नुसती फुगली होती.

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? मी गेलो! त्या पोरीकडे बघ!"